निघत्या माणसाला हाक

सर्व वाचकांस सविनय नमस्कार. प्रस्तुत कथेत मी माझे ज्येष्ठ बंधू रंगराव यांच्या डाव्या पायाची हकीकत निवेदन करणार आहे. मोटारसायकलवरून पडून हाड मोडणे ही पुणे शहरात नवलाची घटना राहिलेली नाही, हे मी जाणतो. तथापि हा पाय कशामुळे मोडला आणि तो पुन्हा कसा वाकला, या दोन्ही गोष्टींत आमच्या घरातील एका जुन्या शिकवणुकीचा भाग आहे. तो मी क्रमाने सांगेन.

आम्ही मूळचे वाशीमकडचे. वारज्याला महामार्गाच्या कडेला श्रीनिवासराव भिडे यांची नर्सरी आहे. तिच्या मागील बाजूच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघे राहत होतो : आमची माय मुक्ताबाई, रंगरावदादा, दीपमाला वहिनी आणि मी. दादा नर्सरीचे माळी होते. मी हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत साफसफाईच्या कामावर होतो. खोल्या माळ्याच्या कामासोबत मिळालेल्या होत्या. माळी राहील तो खोलीत राहील, असा साधा हिशेब होता.

माळ्याचे काम लोकांना फुलांचे वाटते. ते वस्तुतः उकिडवे बसण्याचे काम आहे. पिशव्यांत माती भरणे, रोपे उपटून लावणे, तण काढणे, हे सर्व पायांवर बसून होते. दादा सकाळी एकदा खाली बसले की बदकासारखे सरकत वाफ्यांमागून वाफे ओलांडीत. उभे राहिलेले दादा मला नेहमी अनोळखी वाटत, इतकी त्यांची ती बैठक डोळ्यांत बसली होती.

वैशाखातील एका सकाळी दादा एका नव्या कचेरीत शोभेची रोपे पोहोचवावयास निघाले. नर्सरीतील जमीन सदा ओली असल्यामुळे मोटारसायकलचा बाजूचा स्टँड मातीत रुतत असे. म्हणून त्याखाली शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवलेला असे. मायने मागच्या बाजूला रोपांचे दोन क्रेट दोरीने आवळून बांधले. दादा बसले, त्यांनी गाडी सरळ केली आणि किक मारली. हेल्मेट आरशाला लटकत होते. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा मायने एकाएकी हात वर केला, तोंड उघडले, आणि हात तसाच खाली आणला. मी डबा घेऊन कंपनीच्या बसकडे निघालो होतो. मला वाटले, तिने निरोप दिला.

पुलाजवळ पोहोचतो तो रस्त्यात माणसे गोळा झालेली. प्रथम मला रोपे दिसली. काळ्या पिशव्या फुटून माती डांबरावर पसरली होती. नंतर दादा दिसले. डाव्या वळणावर गाडी कलताच, उघड्या राहिलेल्या स्टँडने रस्त्यात पाय रोवला होता आणि गाडीने दादांना खाली घेऊन त्यांच्याच पायावर अंग टाकले होते. गुडघ्याखालची नडगी नको त्या ठिकाणी वळली होती. कोपरापासून मनगटापर्यंतचे कातडे डांबराने सोलून घेतले होते आणि भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होते. हेल्मेट गटाराच्या कडेला सुखरूप पडलेले.

शेजारी एक मुलगी बसली होती. पुण्यातील मुली उन्हासाठी तोंडाला रुमाल गुंडाळतात, तो तिने सोडून दादांच्या कपाळाला बांधला होता.

"मी ओरडले हो त्यांना," ती मला म्हणाली. "काका, स्टँड, काका, स्टँड. दोनदा ओरडले. त्यांनी बघितलंच नाही."

त्या दिवशी तिचे नाव विचारण्याचे भान मला राहिले नाही.

इस्पितळात दादांच्या हाडात सळई घातली, स्क्रू बसवले, भुवईला टाके घातले. मोडलेल्या हाडापेक्षा सोललेल्या हाताने त्यांना अधिक छळले. जखमेची पट्टी बदलताना चिकटलेले कापड निघे तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करीत आणि घशातून बैलासारखा आवाज काढीत. लघवीचे भांडे घेऊन माय पुढे झाली की म्हणत, "माय, तू बाहीर जाय." माय म्हणे, "तुले म्याच धुतलं हाये लेका." तरी ते ऐकत नसत. मग मी भांडे धरी, आणि आम्ही दोघेही खिडकीकडे पाहत असू.

डॉक्टर आले तेव्हा दादांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, उकिडवं बसता यील?"

"आधी उभे राहा," डॉक्टर म्हणाले. "हाड आम्ही जुळवलं आहे. गुडघा मात्र तुम्हाला वाकवावा लागेल."

श्रीनिवासराव समाचाराला आले. ते सदाशिव पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचे बोलणे मोजके आणि कोरडे. खुर्ची पुसून ते बसले.

"हेल्मेट होतं ना?"

"होतं साहेब."

"कुठे?"

"आरशाले."

"बरं झालं. आरशाच्या डोक्याला मार बसला नसेल."

वहिनीने पदर तोंडाला लावला. दादांनाही हसू आले, पण टाके ओढले गेल्यामुळे ते अर्ध्यावरच राहिले. जाताना श्रीनिवासराव दारात थांबले आणि चपलेकडे पाहत बोलले, "रंगराव, झाडांना आजारी रजा कळत नाही. गणपतीपर्यंत मी थांबतो. तोवर तुम्ही खाली बसून खुरपं धरलंत, तर उत्तमच. नाही तर मला दुसरा माळी बघावा लागेल, आणि माळी खोलीशिवाय येत नाही. हे मी आत्ता सांगितलं, कारण नंतर सांगणं मला जमणार नाही."

ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "माणूस वाईट नाई. तोंड तेवढं कारल्याचं हाये."

दादा घरी आले. पत्र्याखाली उष्मा असल्याने आम्ही त्यांची खाट आंब्याच्या कलमांच्या सावलीत टाकली. नर्सरीचे सारे काम वहिनीवर आणि मायवर आले. पहाटे दोघी नळी धरीत. वहिनी पाणी घाली, माय पिशव्या भरी. रोपे पोहोचवावयाची असली म्हणजे वहिनी सहा आसनी रिक्षात मांडीवर क्रेट घेऊन बसे. एकदा रिक्षातील एक गृहस्थ म्हणाले, "बाई, ह्या झाडाचं तिकीट काढलंत का?" वहिनी म्हणाली, "तुमच्या पोटाचं काढलं असंन तर याचंबी काढतो." ही गोष्ट तिने सायंकाळी सांगितली तेव्हा दादा खाटेवर मनापासून हसले. संकटाच्या काळातही आमच्या घरी हसणे बंद पडले नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

फक्त माय हसत नसे. ती बोलतही कमी झाली. त्या मुलीचा रुमाल तिने धुतला आणि तारेवर वाळत घातला. वाळल्यावर घडी केली, पुन्हा धुतला. रस्त्यावरून तोंड बांधलेली मुलगी गेली की ती फाटकापर्यंत धावे. परंतु तोंड बांधलेल्या मुली त्या रस्त्याने दिवसभर जात असत.

दादांचा राग त्या मुलीवर होता.

आमच्याकडे एक शिकवणूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, आणि कोणी मारलीच तर निघालेल्याने वळून पाहू नये. आमचे वडील एकदा शेतावर निघाले असता कोणी मागून बोलावले. ते परत फिरले, आणि त्याच दिवशी बैलाने त्यांच्या बरगडीत शिंग घातले. तेव्हापासून मायने ही गोष्ट आम्हा दोघांना दुधासोबत पाजली होती. घरातून निघताना डबा विसरला तरी कोणी हाक मारीत नसे. कोणीतरी धावत पुढे जाऊन, समोरून वळून, डबा हाती देई.

"कामाले निघालो होतो," दादा भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. "रोपं बांधली, देवाचं नाव घेतलं. अन् ती कारटी मांगून हाक मारते. मंग काय होईन?"

"ती स्टँडचं सांगत होती ना पण," एखादा म्हणे.

"कशाचं बी सांगो. हाक मांगूनच होती."

हे बोलणे सुरू झाले की माय उठून नळापाशी जाई आणि आधीच भिजलेल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घाली. त्या दिवसांत जास्त पाण्याने आमचे बरेच निवडुंग सडले.

पायाला व्यायाम देण्यासाठी आम्ही दादांना अवनी मॅडमकडे नेत असू. त्या वयाने लहान, हाताने बळकट आणि स्वभावाने आनंदी होत्या. दादांचा गुडघा धरून त्या हळूहळू दाबीत, आणि दादांच्या कानशिलांवरून घाम ओघळे.

"काका, श्वास सोडा. श्वास धरला की गुडघापण धरून बसतो."

"मॅडम, मोडंन तो."

"आत लोखंड आहे काका. माझा हात मोडेल एक वेळ."

त्यांनी सांगितले की, घरी रोज थोड्या थोड्या ठेंगण्या आसनावर बसावे. एकदम जमिनीकडे जाऊ नये. मायने हे कान देऊन ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने नर्सरीतील सिमेंटच्या कुंड्या निवडल्या, उतरत्या क्रमाने ओळीत पालथ्या घातल्या आणि प्रत्येकीवर गोणपाटाची घडी ठेवली. पहिली कुंडी आंब्याच्या कलमाची, चांगली मोठी. शेवटची तुळशीची, वीतभर उंचीची.

"बस," माय म्हणाली.

दादा कुबड्या टाकून पहिल्या कुंडीवर बसले. वहिनीने समोर मातीचा ढीग ओतला. माती, शेणखत आणि वाळू कालवून ते पिशव्या भरू लागले. हात कामाला लागले तसा चेहऱ्यावरचा आजार उतरला. पहिला पाऊस होऊन गेला होता आणि गिऱ्हाइके वाढली होती. लोक जास्वंद, मोगरा विचारीत येत, पालथ्या कुंडीवर बसलेल्या माणसाला पाहून थांबत, आणि आपापल्या घरच्या अपघातांची कथा सांगत. कोणाच्या मेहुण्याची गुडघ्याची वाटी गेली होती, कोणाच्या भाच्याला पडल्यानंतरचे दोन दिवस आठवत नव्हते, कोणाचा हात प्लेटमुळे थंडीत ठणकत होता. दादा सर्वांचे ऐकून घेत आणि जाताना मोगरा पसंत करून देत. आषाढ संपता संपता ते पहिल्या कुंडीवरून दुसरीवर आले, दुसरीवरून तिसरीवर. कुंडी बदलली की वहिनी गूळ वाटी.

मधल्या एका कुंडीपाशी मात्र पाय अडला. श्रावण लागला तरी तो खाली जाईना. गुडघ्यात कोणी पाचर मारल्याप्रमाणे तो एका जागी येऊन थांबे. दादा दात दाबीत, घामाने भिजत, पुन्हा उठत. गणपती जवळ येत होते. एके दिवशी फाटकाबाहेर एक माणूस नर्सरीकडे पाहत उभा राहिला, तेव्हा वहिनीने दबक्या आवाजात मला विचारले, "भाऊजी, हा नवा माळी तर नसंन?" तो बसची वाट पाहत होता. परंतु दादांनी ते ऐकले.

त्याच दुपारी उन्हाची तिरीप आली असता दादा पुन्हा बसू लागले. गुडघा अडला. त्यांचा तोल गेला आणि ते कुंडीवरून घसरून ओल्या मातीत एका अंगावर पडले. मी धावलो. त्यांनी माझा हात झिडकारला आणि खुरपे भिंतीवर फेकले.

"त्या कारटीचं वाटोळं हो," ते ओरडले. "तिनं हाक मारली अन् माह्या पायाचं लाकूड करून टाकलं. मांगून हाक मारणाऱ्याची जीभ..."

"रंग्या," माय म्हणाली.

ती नळापाशी उभी होती. हातातील नळीतून पाणी तिच्याच पायांवर वाहत होते.

"त्या पोरीले काई बोलू नको. तिनं हाक मारली. म्या नाई मारली."

"म्हणजे काय?" वहिनीने विचारले.

"म्या पाह्यलं होतं," माय म्हणाली. "गाडी फाटकातून गेली तवा स्टँड खाली लोंबत होता. फरशी इथं राह्यली अन् स्टँड तसाच. हाक गळ्यापोतर आली होती. म्हटलं, कामाले निघाला हाये, मांगून कशी मारू? म्हटलं, पुढं जाऊन त्याचा तो पाहीन. गिळून टाकली म्या हाक." ती थांबली. "परकी पोरगी ओरडली अन् आई उभी राह्यली. आता तुले कोणाची जीभ तोडाची ते पाह्य."

मला तो वर उठून खाली आलेला हात आठवला. मातीत पडलेले दादा मायकडे पाहत राहिले. त्यांच्या गालाला शेणखत लागले होते.

गाल पुसून ते म्हणाले, "माय."

"काय?"

"तू हाक मारली असती तरी म्या पाह्यलं नसतं."

"काहून?"

"तूच शिकवलं हाये न."

माय त्यांच्याकडे पाहत राहिली. प्रथम वहिनीच्या तोंडून हुंदक्यासारखा आवाज निघाला, पण ते हसू होते. मग दादा हसू लागले, मातीतच, पोट धरून. मायने नळी टाकली आणि पदर डोळ्यांना लावला. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडते की हसते हे आम्हास ठरविता आले नाही. बहुधा दोन्ही चालू होते.

"ती पोरगी बिचारी दोनदा ओरडली," दादा हसता हसता म्हणाले. "अन् मी मनात म्हणतो, रंगराव, बिलकूल वळायचं नाई."

मी आणि वहिनीने त्यांना उचलून पुन्हा त्याच कुंडीवर टेकवले. हसण्याच्या भरात त्यांचे पायाकडे ध्यान नव्हते. बसल्यावर त्यांनी खाली पाहिले, आणि आम्हीही पाहिले. पाय आपोआप वाकला होता.

अवनी मॅडमना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी श्वास सोडा म्हणून सांगत होते, तो तुम्ही आत्ता सोडलात. तुमच्या आईंना पाठवा इकडे, माझ्या बाकीच्या पेशंटना दोन शब्द सांगतील."

त्यानंतर कुंड्या भराभर संपल्या, असे म्हणणे खोटे ठरेल. दुखणे होतेच. परंतु माय आता त्यांच्यासमोर बसून पिशव्या भरी आणि गावच्या गोष्टी सांगे. तो रुमाल तिने वहिनीला दिला. "ते पोरगी काई सापडत नाई. तू बांध. उनाचं कामी येते." अखेरीस दादा तुळशीच्या कुंडीवर बसू लागले, आणि एके दिवशी मायने तीही पायाने बाजूला सारली.

गणपतीच्या आदल्या दिवशी श्रीनिवासराव कापडी पिशवी घेऊन आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कुंड्यांची पालथी ओळ पाहिली.

"दूर्वा हव्यात," ते म्हणाले. "मंडईत गवत देतात आणि दूर्वा म्हणतात."

वहिनी पुढे झाली. दादांनी तिला हाताने थांबवले. ते लंगडत हिरवळीच्या कडेला गेले. उजवा हात मांडीवर ठेवून ते हळूहळू खाली बसले. डावी टाच थोडी उचललेली राहिली, कपाळावरची शीर फुगली. परंतु ते बसले. त्यांनी एक एक कोवळी दूर्वा निवडून खुडली, तीन पाती पाहून, मुळाकडची माती झटकून. जुड्या बांधून ते किंचित पुढे सरकले, पूर्वीसारखे बदकाच्या चालीने, मात्र म्हाताऱ्या बदकाच्या. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. श्रीनिवासराव छत्रीवर भार देऊन उभे होते.

"आता उठता येईल," ते म्हणाले, "की आरती इथेच करायची?"

दादांनी जमिनीवर हात टेकला आणि ते कोणाच्याही आधाराशिवाय उठले. पिशवी देताना त्यांनी विचारले,

"साहेब, खोलीचं काय ठरवलं?"

"कुठल्या खोलीचं? ती तुमच्याकडेच असते ना?" श्रीनिवासरावांनी दूर्वांचा वास घेतला. "निवडुंग मात्र कोणी सडवले ते एकदा कळवा." फाटकापाशी जाऊन ते पुन्हा वळले. "प्रसादाला या. खाली पंगत आहे, बसता येतंय म्हणून सांगतो."

दसऱ्याला दुरुस्त झालेल्या मोटारसायकलची आम्ही पूजा केली. तिला झेंडूचा हार घातला. दादा बराच वेळ तिच्याभोवती फिरले, जसे मारक्या बैलाभोवती फिरावे. वहिनीने हेल्मेट हातात दिले. त्यांनी ते आरशाकडे नेले, वहिनीच्या डोळ्यांकडे पाहिले आणि डोक्यावर चढवले. ते बसले. डाव्या पायाने त्यांनी स्टँड वर केला, चाचपून पाहिला, पुन्हा चाचपून पाहिला. गाडी सुरू झाली. त्यांच्या खांद्यांचा ताठरपणा मला मागूनही दिसत होता.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि माय सर्व शक्तीनिशी ओरडली :

"रंग्या!"

रस्त्यावरची दोन माणसे दचकली. वहिनीने माझा दंड धरला. वडिलांच्या त्या प्रसंगानंतर आमच्या घरात निघत्या माणसाला मारलेली ती पहिली हाक असावी. दादांनी ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, आणि हेल्मेटसकट मान वळवून मागे पाहिले.

"स्टँड?" मायने विचारले.

"वर हाये, माय."

"मंग जाय."

दादा गेले. वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत माय कमरेवर हात देऊन उभी होती. सायंकाळी ते परत आले, तेव्हा तिने पोळ्यांवर तूप जरा सढळ हाताने घातले, एवढेच.

ती प्रथा आजतागायत चालू आहे. मी पायी बसकडे निघालो तरी फाटकातून हाक येते, "सुख्या, स्टँड!" मी एकदा म्हणालो, "माय, मी पायी चाललो." ती म्हणाली, "तरी पाह्य." तेव्हापासून मीही एकवार मागे वळतो, खाली पाहतो आणि मग निघतो. मागे वळल्यावर माय दिसते, वहिनी दिसते, ओल्या कुंड्या दिसतात. अशा दर्शनाने माणसाचे काम बिघडते, असा अनुभव मला अद्याप आलेला नाही.

माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले असल्यामुळे लेखनात न्यून राहिले असेल, ते आपण पदरात घ्यावे. येथपर्यंत आपण माझ्यासोबत बसलात, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार. आता आपण आपल्या कामाला निघाल, तेव्हा माझीही एक हाक मागून येत आहे असे समजावे, आणि वळून पाहावे.

आपला नम्र,
सुखदेव तुळशीराम गावंडे
वारजे, पुणे